शिष्यवृत्ती बिराजदारांना मिळाली

बिराजदार सरांविषयी मी चांगलंच लिहीन, असं त्यांना ओळखणारे लोक गृहीत धरतात. त्यांच्या निरोप समारंभाचं भाषण मी केलं होतं आणि ते शाळेत बरीच वर्षं लोकांच्या लक्षात राहिलं. म्हणून आधीच सांगून टाकतो. सोलापुरात आम्ही एका शाळेत नऊ वर्षं बरोबर शिकवलं. त्यातली पहिली सहा वर्षं मी त्यांना हसत होतो आणि पुढची तीन त्यांच्यावर जळत होतो. मैत्री होती ती त्यांच्या बाजूनं.

ते मैंदर्गीचे. घरात कानडी, शेजारात मराठी, त्यामुळे त्यांच्या मराठीत लिंगांचा नेहमी घोळ असे. सदरा फाटली, भाकरी कडक झाला, असं ते बेधडक बोलत. मी बी.एस्सी. पहिल्या वर्गात, वर बी.एड.; दहावीचं गणित आणि शास्त्र माझ्याकडे. ते आठवी-नववीला गणित आणि भूगोल शिकवत. त्यांच्या चुका मी वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवी आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवी. सगळे हसत. तेही हसत आणि मग म्हणत, "आता बरोबर काय ते बी सांगा की." मी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी बरोबर वापरत आणि नवीन काहीतरी चुकत.

उंच, हाडापेरानं मोठे, कपाळावर विभूतीचे पुसट पट्टे. हात सतत कशाला तरी लागलेले. तुमच्याशी बोलता बोलता तुमच्या शर्टाचं टोक दोन बोटांत धरून चोळून बघायचे. मला ते अजिबात आवडत नसे. न्हाव्याकडे गेले तर वस्तऱ्याला धार कशी लावतो ते विचारत. चहावाल्याला स्टोव्हच्या पिनेबद्दल विचारत. कुणाचंही काम समोर चाललेलं दिसलं की हा माणूस तिथून हलत नसे.

एकदा नववीची सहल मंगळवेढ्याला निघाली होती. एस.टी. वाटेत बंद पडली. दुपारचं ऊन, मुलं कावलेली, मी ड्रायव्हरवर चिडून बाभळीखाली बसलेला. बिराजदार ड्रायव्हरशेजारी गाडीखाली आडवे झाले होते. अर्ध्या तासानं बाहेर आले तेव्हा कोपरापर्यंत काळे. गाडी सुरू झाली नव्हतीच, पण त्यांनी रस्त्याकडेच्या मातीत काडीनं चित्र काढून क्लच म्हणजे काय ते सांगायला घेतलं. चाळीस मुलं त्यांच्याभोवती वाकून उभी होती. ड्रायव्हरही येऊन उभा राहिला आणि मधे मधे दुरुस्त करू लागला. बाभळीखाली मी आणि पाण्याची पिंपं एवढेच उरलो. तोवर मी त्यांना हसत होतो खरा, पण त्या दिवशी पहिल्यांदा वहीच्या शेवटच्या पानावर मी काही टिपलं नाही.

मग ती शिष्यवृत्ती आली.

बहात्तरच्या दुष्काळाच्या पाठोपाठचं वर्ष. दहावीचा नवा अभ्यासक्रम यायचा होता आणि त्यात कार्यानुभव नावाचा विषय होता. तो शिकवायचा कसा, हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा शिक्षण खातं आणि गावातले काही कारखानदार यांनी मिळून एक योजना काढली. शाळेमागे एक शिक्षक तीन महिने कारखान्यात घालवणार, तिथलं काम शिकणार आणि परत येऊन ते वर्गात आणणार. पगार चालू, शेवटी प्रमाणपत्र. आमच्या शाळेच्या वाट्याला अक्कलकोट रोडवरचा एक चादरीचा कारखाना आला. पुढे पर्यवेक्षकाची जागा भरताना या प्रमाणपत्राचा विचार होईल, असंही बोललं जात होतं.

मी चार पानी अर्ज इंग्रजीत लिहिला. तीनदा लिहून काढला. यंत्रशास्त्र, औद्योगिक विकास, शिक्षणाची नवी दिशा, सगळं त्यात होतं. अर्ज करणारे आम्ही दोघंच. आमचे हेडमास्तर देवस्थळी सर यांनी दोन्ही अर्ज समितीकडे पाठवले आणि पंधरा दिवसांनी बिराजदारांचं नाव आलं.

मी देवस्थळींच्या खोलीत गेलो. ते सौम्य माणूस. त्यांनी कपाटातून बिराजदारांच्या अर्जाची नक्कल काढून माझ्यापुढे ठेवली. अर्धं पान, मराठीत, चुका सांभाळून लिहिलेलं. मी रोज चादर पांघरतो, ती कशी होते मला माहीत नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील ती करतात. त्यांना माझं काम कळतं, मला त्यांचं कळत नाही. म्हणून मला जायचं आहे. बस, इतकंच.

मी वाचून कागद परत दिला आणि बरोबर आहे म्हणालो. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं तेव्हा तिला सांगितलं, की समितीत सगळे कानडी बोलणारे होते. ते खोटं होतं.

मे महिन्यात एक दिवस न राहवून मी तो कारखाना बघायला गेलो. खरं तर बिराजदारांची फजिती बघायला गेलो. तिथल्या आवाजात दोन पावलांवरचं बोलणं ऐकू येत नव्हतं. माग खडखडत होते, धोटे इकडून तिकडे धावत होते, हवेत सुताची तूस तरंगत होती. बिराजदार बनियनवर एका मागापुढे उकिडवे बसले होते आणि तुटलेला दोरा जोडत होते. त्यांच्या मागं नरसय्या उभे होते. नरसय्या त्या कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर. चादरीवर मोर, कमळ असली नक्षी पाडणारं जकार्डचं यंत्र त्यांच्या ताब्यात. साठीच्या जवळ आलेला, बुटका, तेलुगू घरातला माणूस. बिराजदारांची गाठ सुटली की ते त्यांच्या हातावर चापट मारत आणि निम्मं तेलुगूत निम्मं मराठीत रागावत. बिराजदार मान हलवत आणि पुन्हा गाठ मारत. पंधरा दिवस त्यांना दुसरं काही करू दिलं नव्हतं. फक्त तुटलेले दोरे जोडायचे.

मला बघून ते उठून बाहेर आले. हात पुसत म्हणाले, "सर, सोळा वर्षं मास्तरकी केली. पण शिकताना एवढं चुकतं माणूस, हे इसरूनच गेलो होतो. आता पोराला मारायला हात उचलंल का माझा?"

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा त्यांनी मलाही कामगारांच्या पंगतीत बसवलं. त्यांच्या फडक्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी नरसय्यांनी न विचारता उचलली, नरसय्यांच्या डब्यातलं आंबट वरण बिराजदारांनी ओतून घेतलं. मी घरून जेवून आलोय म्हटलं. जेवून आलो नव्हतो. सायकलवरून परतताना मला सारखा तो हातावर मारणारा हात दिसत होता. मला कुणी तसं रागावलं नव्हतं. कॉलेजात नाही, शाळेत नाही, वडिलांनीही नाही. मी पहिल्यापासून हुशार होतो, त्यामुळे मला सगळ्यांनी लांबूनच शाबासकी दिली होती.

जुलैत ते परत आले. इतर शाळांचे शिक्षक आले त्यांनी तक्ते केले, फळ्यावर कारखान्याचा नकाशा काढला. बिराजदारांनी आल्या आल्या काहीच केलं नाही. नववीचं आलेखाचं प्रकरण सुरू व्हायची वाट बघितली. ते सुरू झालं त्या आठवड्यात एका सकाळी नरसय्या शाळेच्या फाटकात उभे. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा शर्ट, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. शिपायानं त्यांना पालक समजून ऑफिसकडे पाठवलं, आणि ते पालक होतेच. त्यांची मुलगी पद्मा नववीतच होती. चौदा वर्षं ती याच शाळेच्या पलीकडच्या गल्लीत राहत होती आणि नरसय्या शाळेत त्या दिवशी पहिल्यांदा आले.

माझा तेव्हा मोकळा तास होता. पेपर तपासायच्या निमित्तानं मी व्हरांड्यात खुर्ची टाकून नववीच्या खिडकीशी बसलो.

नरसय्यांनी वर्गाच्या दारात चपला काढल्या. बिराजदारांनी त्यांना टेबलामागे उभं केलं आणि स्वतः शेवटच्या बाकावर मुलांमधे जाऊन बसले. पद्मा दुसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. तिचे कान लाल झालेले मला खिडकीतून दिसत होते. नरसय्यांनी गुंडाळी सोडली. आत दोऱ्यानं एकमेकांना बांधलेल्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या होत्या आणि चौकटींच्या कागदावर रंगवलेला मोर.  मग त्यांनी डोळे मिटून एका पट्टीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ही मोराची मान. दुसरीवरून फिरवलं, ही मानेखालची ओळ. मुलं पुढे सरकली. कागदावर चौथ्या ओळीत सातव्या घरात लाल ठिपका असेल तर चौथ्या पट्टीत सातव्या जागी भोक; भोक असेल तिथला दोरा वर उचलला जातो. एका मुलानं लगेच फळ्यावर जाऊन कंसात सात आणि चार लिहिलं. जे निर्देशक मी दहावीत आल्यावरही मुलांच्या डोक्यात घालता घालता थकून जाई, ते त्या मुलानं कुणी न सांगता लिहिलं.

तेवढ्यात पद्मा उभी राहिली. तिनं विचारलं, "सर, जिथं भोक नाही तिथं दोरा खालीच राहतो का?"

नरसय्यांनी शेवटच्या बाकाकडे बघितलं. त्यांना वाटलं, तिनं बिराजदारांना विचारलं.

बिराजदार बसल्या जागेवरून म्हणाले, "मला न्हाई. तुमाला इचारलं तिनं."

नरसय्यांनी पट्टी पुन्हा हातात घेतली. मग त्यांनी मुलीला उत्तर दिलं, एका ओळखीच्या नसलेल्या विद्यार्थिनीला द्यावं तसं, सावकाश आणि पूर्ण. पद्मा खाली बसली तेव्हा तिची मान वर होती.

माझ्या मांडीवरचे पेपर तसेच राहिले. कुणीही सहृदय माणूस त्या खिडकीशी बसला असता तर त्याचे डोळे भरून आले असते. माझ्या मनात आलं ते असं, की हे माझं होतं. हा तास माझा व्हायला हवा होता.

पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती मला मिळाली. त्याच कारखान्यात. त्यासाठी बिराजदार देवस्थळींकडे माझी शिफारस करून आले होते, हे मला नंतर कळलं. मी गेलो त्या दिवशी मालकांनी मला ऑफिसात टेबल दिलं, डोक्यावर पंखा. चहा कपबशीत आला. मी वही घेऊन खात्याखात्यातून हिंडलो, यंत्रांची मापं घेतली, सगळं नीट टिपलं. एकदा नरसय्यांना म्हटलं, मलाही गाठ मारायला शिकवा. ते म्हणाले, नको सर, तुमचे कपडे खराब होतील. मी पुन्हा म्हटलं नाही. खाली बसलो असतो तर त्यांनी मलाही चापट मारली असती, असं आता वाटतं. पण मी उभाच राहिलो.

आणि रोज कुणी ना कुणी विचारी, बिराजदार मास्तर कसे आहेत. सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका विचारत. फाटकावरचा पठाण विचारी. त्यांच्या वेळी असं झालं, त्यांनी तसं केलं. नरसय्या तर जेवायला बसले की एखादी आठवण काढल्याशिवाय घास घेत नसत. मी बेचाळीस पानांचा टंकलिखित अहवाल दिला. समितीनं त्याची तोंडभर स्तुती केली आणि तो कपाटात ठेवला. बिराजदारांचा अहवाल चार पानांचा होता, त्याच्या नकला शाळाशाळांतून फिरत होत्या.

त्या हिवाळ्यात एक पालक मला भेटायला आला. मागावर काम करणारा. तो म्हणाला, "सर, आमी पोराला मागापासून लांब ठिवायला साळंत घातलं. बिराजदार मास्तर त्येला पुन्ना मागाकडंच नेत्यात की." त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. त्याला बिराजदारांकडे नेलं असतं तर ते त्याच्यासमोर बसले असते, आणि कदाचित त्यांना आपलं काही चुकतंय का याचा विचारही करावा लागला असता. मी त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं आणि बिराजदारांना एका शब्दानं बोललो नाही.

चार दिवसांनी मी संस्थेच्या कार्यवाहांना एक गोपनीय चिठ्ठी लिहिली. नववीचा गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला आहे, मुलांना कारखान्याकडे वळवलं जात आहे, अनेक पालकांची तक्रार आहे. अभ्यासक्रम एक आठवडा मागे होता. पालक एक होता. तो 'अनेक' शब्द लिहिताना माझा हात थांबला होता, हे मला चांगलं आठवतं. मग मी तो लिहिला.

जूनमधे बिराजदारांची बदली सोलापूरबाहेरच्या कुंभारीला झाली. संस्थेनं तिथं नुकतीच एक शाखा काढली होती, पाचवी ते सातवी, तीन खोल्या. देवस्थळी दोनदा कार्यवाहांच्या घरी जाऊन भांडून आले, हे मला माहीत होतं, कारण दुसऱ्या वेळी मीच त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेलो होतो. उपयोग झाला नाही. चिठ्ठी कुणाची हे कार्यवाहांनी त्यांना सांगितलं नसावं. पण त्यानंतर दुपारच्या चहाला देवस्थळींनी मला कधी बोलावलं नाही.

निरोप समारंभात भाषण कुणी करायचं असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझं नाव घेतलं. माझं मराठी चांगलं म्हणून. मी नरसय्यांचा तास सांगितला, मंगळवेढ्याची एस.टी. सांगितली. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. बिराजदारांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. देवस्थळींनी पुढे केलेला हार मात्र त्यांनी गळ्यात घालून घेतला नाही, हातात घेतला, आणि त्यांच्याकडे न बघता खाली उतरले. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

दोन वर्षांनी देवस्थळी निवृत्त झाले, त्या समारंभाला बिराजदार आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात देवस्थळी वारले. शोकसभेला जुने विद्यार्थी पुण्याहून आले, कुंभारीहून बिराजदार आले नाहीत. लोक कुजबुजले. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. इतका चांगला म्हणून सगळे ज्याला मानतात, त्याचंही मन लहान निघालं, असं वाटलं.

तोवर मी पर्यवेक्षक झालो होतो. बदलीनंतर चार वर्षांनी, एकोणऐंशीच्या सुमारास, कुंभारीच्या शाखेची वार्षिक तपासणी माझ्याकडे आली. सकाळच्या एस.टी.नं गेलो. पत्र्याच्या खोल्या, पुढे लिंबाचं झाड. बिराजदारांचे केस पांढरे झाले होते. मला बघून मनापासून खूश झाले, माझ्या शर्टाचं टोक धरून कापड चोळून बघितलं, आणि हा टेरिकॉट कुणाकडून घेतलात म्हणून विचारलं. त्यांच्या वर्गाच्या भिंतीवर मुलांनी लिहिलेली एक मोठी यादी होती: गावात कोण काय काम करतं आणि त्यातलं अवघड काय. मी तपासणीच्या कागदावर 'उत्कृष्ट' लिहिलं. तेवढं लिहून माझं काम भागेल, असं मला कुठेतरी वाटत असावं.

दुपारी आम्ही लिंबाखाली जेवायला बसलो. बोलता बोलता मी म्हणालो, देवस्थळी सरांच्या शोकसभेला तुम्ही यायला हवं होतं.

त्यांचा चेहरा बदलला. मी तो तसा कधी पाहिला नव्हता.

"का येऊ? त्यांनीच मला हितं टाकलं," ते म्हणाले. "कार्यवाह म्हणाले, तुमच्या शाळंतनंच लेखी आलंय. शाळंतनं लेखी म्हंजे हेडमास्तरच की. तोंडावर गोड बोलले आन मागनं लिहून दिलं."

मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. देवस्थळी गेले होते, कार्यवाह बदलले होते. का बोललो ते मला आजही नीट सांगता येत नाही. चांगुलपणानं नव्हे. कदाचित एवढ्यासाठी, की माझ्या वाट्याचा राग त्यांनी दुसऱ्या कुणाला दिला होता, आणि तेही मला सहन झालं नाही.

"ते मी लिहिलं होतं," मी म्हणालो. "देवस्थळी तुमच्यासाठी भांडले. दोनदा."

भाकरीचा तुकडा त्यांनी फडक्यावर ठेवला. मला वाटलं आता ते ओरडतील, आणि ओरडावं असं मला वाटत होतं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. फाटकाकडे बघत होते.

"ते आले होते हितं," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी, दिवाळीच्या आधी. दोनच्या गाडीनं. हितंच उभे होते झाडाखाली. मी पोराकडनं निरोप दिला, सर शिकवतेत म्हणून. तास संपला तर मी दुसरा तास चालू केला. पाचची गाडी आली तसे गेले. मी खिडकीतनं बघितलं त्यांना जाताना."

 मग त्यांनी विचारलं, देवस्थळी सरांच्या घरी आता कोण असतं. मी सांगितलं, वहिनी असतात, एकट्याच, त्याच घरात. त्यांनी फडकं गुंडाळलं, रांजणाशी जाऊन हात धुतले, दुसऱ्या शिक्षकाला वर्ग बघायला सांगितलं आणि भिंतीला लावलेली सायकल काढली. मी मागोमाग गेलो. "बिराजदार, मी..." एवढंच म्हणालो.

"तुमचं नंतर बघू सर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता आणि दुसरंही काही नव्हतं. "आदी तिकडं जाऊन येतो."

ते 'नंतर' कधी आलं नाही. पुढच्या जूनला त्यांनी स्वतः मागून मैंदर्गीजवळच्या एका शाळेत बदली घेतली. मी पत्र लिहायला तीनदा बसलो. त्यांचंही आलं नाही. देवस्थळींच्या घरी मी त्या तपासणीनंतर महिन्याभरानं धीर करून गेलो. वहिनी म्हणाल्या, बिराजदार सर आले होते, ऐन उन्हात, पायरीवरच बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, सर माझ्याकडे आले होते तेव्हा मी भेटलो नाही, ते माझं चुकलं. मग बराच वेळ बसून गेले. वहिनी पुढे काही बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी मला चहा करून दिला. त्यांना दुसरं काही माहीत नव्हतं.

पण मला ते शेवटचे दिसले त्या तपासणीच्याच दुपारी. मला लगेच एस.टी. मिळाली. वाटेत आमच्या गाडीनं त्यांना मागं टाकलं. मी खिडकीपासून तोंड वळवलं. मग शहराच्या अलीकडे जकात नाक्यावर मालट्रकांची रांग लागली होती, गाडी उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. तिथून देवस्थळींचं घर चालत वीस मिनिटांवर. उतरता आलं असतं. मी हातात तिकीट धरून बसून राहिलो. तेवढ्यात ते आले. सदरा पाठीला चिकटलेला, टोपी काढून हँडलला अडकवलेली. दोन ट्रकांच्या मधे वाट अरुंद होती, म्हणून ते खाली उतरले, सायकल तिरकी केली आणि माझ्या खिडकीखालून गेले. हात बाहेर काढला असता तर त्यांच्या खांद्याला लागला असता. जिथे मला जायला हवं होतं तिथे ते निघाले होते, आणि शिष्यवृत्तीच्या दिवशी वाटला नव्हता एवढा हेवा मला त्या क्षणी त्यांचा वाटला. त्यांनी वर बघितलं नाही. रांगेच्या पलीकडे गेल्यावर एक पाय पायडलवर ठेवून दोन ढांगा घेतल्या, सीटवर बसले आणि शहराकडे वळले.